उपाशी मृदुंग

येसाजीतात्यांचं डोकं ठिकाणावर आहे की नाही, हे मला उद्या उजाडायच्या आत ठरवायचं आहे. परवापासून हा घोर मनातून जात नाही. वर्गात शिकवताना, भाजी चिरताना, बाजारात कुणी हाक मारली तरी आधी तेच आठवतं. आत्ताही घरात मी एकटी आहे, माझा नवरा विनीत रात्रपाळीला गेलाय, आणि झोप येईना म्हणून लिहायला बसले आहे. लिहिता लिहिता काही उमगलं तर बरं.

तात्या म्हणजे आमच्या खडपवाडीचे मृदुंगवाले. उमरठच्या पुढे डांबरी रस्ता संपतो, तिथून पायवाटेनं वर चढलं की आमची वाडी. माझं ते सासर. आम्ही महाडला राहतो, बाकी बहुतेक घरं मुंबईला. शिमग्याला आणि गणपतीत वाडी जागी होते, एरवी दारांना कुलपं. तात्यांची बायको जाऊन बरीच वर्षं झाली. त्यांचा मुलगा किशोर मुंबईत टेम्पो चालवतो. त्याचाच फोन आला होता.

"वयनी, टेन्शन आलंय. बाबा तुमच्या बंद घराच्या दारात जाऊन एकटेच बोलतात म्हणे. नि जबाब पण स्वतःच देतात, बायकी आवाजात. राजश्रीनं डोळ्यांनी बघितलंय. मी हितं डॉक्टरचं बघून ठेवलंय. पण म्हटलं आधी तुम्हाला विचारावं. तुम्ही शिकलेल्या. तुम्ही जाऊन बघा नि मला सांगा. तुम्ही बोलाल ते फायनल."

मी जाऊन बघून आले. जे बघितलं ते कुणाला सांगितलेलं नाही. किशोर उद्या पहाटे गाडी घेऊन निघणार आहे. मी हो म्हटलं तर दुपारपर्यंत तात्या त्या गाडीत बसलेले असतील, आणि एकदा ते मुंबईच्या खोलीत गेले की परत येणार नाहीत. नाही म्हटलं तर ते तिथेच राहतील. आणि त्यांच्यापाशी माझी तेजश्रीही राहील. पोरीनं बी.कॉम. केलं, एका ऑफिसात चार महिने बसली, आणि एक दिवस सरळ वाडीवर जाऊन तात्यांकडे मृदुंग शिकायला लागली. सहा महिने झाले. तात्यांच्या शेजारी राजश्रीचं घर आहे, तिच्याकडे राहते. म्हणून म्हणते, घोर एकाचा नाही.

तात्यांबद्दल आधी सांगायला हवं, नाहीतर पुढचं नुसतं भुताखेताचं वाटेल.

त्यांचे वडील मृदुंगवाले, आजोबा मृदुंगवाले. शिमग्यात सोमजाईची पालखी घरोघर फिरते, तिच्यापुढे त्यांच्या घराण्याचा मृदुंग. तरुणपणी तात्याही इतरांसारखे मुंबईला गेले होते. कापड बाजारात गाठोडी उचलायचे आणि रात्री गाववाल्यांच्या खोलीत वाजवायचे. एका मोठ्या भजनी मंडळानं त्यांना कायमचं ठेवून घ्यायची तयारी दाखवली होती. तेवढ्यात वडील गेल्याची तार आली. तात्या तेरावं करायला आले ते परत गेलेच नाहीत. का, असं मी एकदा विचारलं होतं. "मुरदुंग हितं, गहू हितं. तितं जाऊन मी काय बाकडा वाजवू?" म्हणाले.

गव्हाचं असं आहे. मृदुंगाच्या डाव्या तोंडावर, ज्याला धुम म्हणतात, वाजवण्याआधी कणकेचा गोळा थापतात. तो असला तरच तो भरदार, पोटातून आल्यासारखा आवाज निघतो. आमच्या डोंगरात भात पिकतो, नाचणी पिकते, वरी पिकते. गहू पिकत नाही. आणि तांदळाचं किंवा नाचणीचं पीठ कातड्याला धरत नाही, सुकून पडतं. जुन्या काळी अख्ख्या वाडीत गहू यायचा तो फक्त आमच्या घरी, महाडच्या बाजारातून, सणापुरता. म्हणून मृदुंगाला पीठ द्यायचा मान आमच्या घराचा. फाल्गुन लागला, मृदुंग सरावाला काढला की भर दुपारी मृदुंगवाल्यानं आमच्या दारात यायचं आणि म्हणायचं, "मुरदुंग उपाशी हाय." घरातल्या कर्त्या बाईनं ओंजळभर पीठ द्यायचं. वाजवून झालं की ती कणीक खरवडून आमच्याच गोठ्यातल्या गाईला घालायची. बस, एवढंच. पैसा नाही, शालजोडी नाही.

मी शाळेत इतिहास शिकवते. कलांना मिळालेला राजाश्रय हा भाग मी दरवर्षी शिकवते आणि मुलं दरवर्षी तीच उत्तरं लिहितात. फ्लॉरेन्सच्या सावकारांनी चित्रकार पोसले, तंजावरच्या भोसल्यांनी गाणं आणि नाच पोसला, अजिंठ्याची लेणी मंत्र्यांनी आणि व्यापाऱ्यांनी दान देऊन खोदवली. पुस्तकातला आश्रयदाता कुठेतरी उंचावर बसलेला असतो. खरं सांगायचं तर माझ्या सासूबाईंकडे बघून तो शब्द मला कधी सुचलाच नाही. त्या चुलीपुढे बसलेल्या असायच्या आणि हात पिठाचे असायचे.

सासूबाईंचं नाव ठकूबाई. त्यांचं लग्न झालं त्याच वर्षी वडील गेलेल्या येसाजीनं एकट्यानं पहिली पालखी वाजवली. नव्या नवरीच्या हातचं पीठ, नव्या हाताचा मृदुंग. तिथून त्या जाईपर्यंत दोघांत एक शिमगा चुकला नाही. सासूबाई अक्षरओळख नसलेल्या, गळ्यात सूर नसलेल्या. पण कान असा की पालखी वाडीच्या दुसऱ्या टोकाला असली तरी इथे भाकरी थापता थापता त्यांचा हात थांबायचा. "च्च," करायच्या. मग पालखी दारात आली की सगळ्यांसमोर बोलायच्या.

"येसा, तुझ्या मुरदुंगाला पडसं झालंय का रे?"

"वयनी, पीठ पातळ झालं."

"पीठ पातळ नाय झालं, तुझं ध्यान पातळ झालंय. परत वाजव."

आणि येसाजी, ज्यांना मुंबईचं मंडळ ठेवून घेणार होतं, ते मुकाट्यानं परत वाजवायचे. मी नवी सून होते तेव्हा मला या प्रकाराचं हसू यायचं. एकदा मी तात्यांना म्हटलंही, "आईंना कुठे काय कळतंय, तुम्ही उगाच ऐकून घेता." तर ते म्हणाले, "सुनबाय, बाकीचे नाचतात. ऐकणारं माणूस एकच हाय. ते नसलं तर मी कोणासाठी वाजवू? डोंगरासाठी?"

सासूबाई पाच वर्षांपूर्वी गेल्या. त्यानंतर आमच्या वाडीवरच्या घराला कुलूप लागलं. पिठाची प्रथा मला माहीत होती, पण ती आईंबरोबर संपली असं आम्ही सगळ्यांनीच धरलं. तात्यांनीही काही म्हटलं नाही. त्या वर्षी त्यांनी पोलादपूरहून पिशवीतलं पीठ विकत आणलं. पालखी निघाली, पहिल्याच घरासमोर धुमावरची कणीक निखळून धुळीत पडली. पुन्हा लावली, पुन्हा पडली. पिशवीच्या पिठात मैदा मिसळलेला असेल, असं विनीत म्हणाला होता. पण आवाज बदलला तो कणीक पडायच्या आधीच. मी तिथे होते. तो मृदुंग रिकाम्या पिंपावर मारल्यासारखा वाजत होता, आणि तात्या मान वळवून वळवून आमच्या बंद दाराकडे बघत होते.

पुढच्या वर्षीपासून मृदुंग पुन्हा चांगला वाजायला लागला. मी विचारलं नाही कसा. बरं वाजतंय ना, मग झालं.

परवा पहिल्या एस.टी.नं मी पोलादपूरला उतरले, तिथून रिक्षानं रस्ता संपतो तिथवर. वर चढेपर्यंत ऊन चढलं होतं. तेजश्रीला मी येतेय एवढं कळवलं होतं, पण आधी आपलं घर उघडून झाडून घ्यावं असं ठरवलं, शिमग्याला दोन दिवस राहायचं असतंच. आमच्या घराचं पुढचं दार आतून अडसर लावून बंद असतं, कुलूप मागच्या दाराला. मी मागून गेले. चपला मागच्या पायरीवर काढल्या आणि आत शिरून केरसुणी घेतली.

बंद घरात एरवी कुबट वास येतो. परवा आला नाही. आदल्या दिवशी कुणी चूल पेटवून विझवल्यासारखा वास होता. कौलातून आलेला वणव्याचा धूर असेल, या दिवसांत डोंगर पेटतात. मी तसं मनाला सांगितलं आणि झाडायला लागले.

भर दुपार झाली. फाल्गुनातली दुपार आमच्या डोंगरात कशी असते ते तिथे राहिलेल्याला कळेल. वारा पडतो. पाखरं गप्प होतात. पांगाऱ्याचं फूल गळून पडलं तरी त्याचा आवाज येतो. या वेळेला सासूबाई कुणाला विहिरीवर जाऊ द्यायच्या नाहीत. त्या शांततेत पुढच्या अंगणात पावलं वाजली. मग दाराच्या पलीकडे, अगदी उंबऱ्याशी, काहीतरी ठेवल्याचा आवाज.

"वयनी," तात्या म्हणाले. "मुरदुंग उपाशी हाय."

मी केरसुणी हातात धरून उभी होते. दार उघडून 'तात्या, मी आहे' म्हणावं, एवढंच करायचं होतं. मी तोंड उघडलं तोवर बाहेरून जबाब आला.

आधी "च्च" आलं. मग बांगड्या मनगटावरून मागे सारल्यासारखा आवाज. मग सासूबाईंचा आवाज. बायकी आवाज काढणं म्हणतात तसला तो नव्हता. शिमग्यात पुरुष बायकांची सोंगं घेतात, तो आवाज मला माहीत आहे, त्यात थट्टा असते. हा आवाज दमेकरी होता. वाक्याच्या मध्ये थांबून श्वास घेणारा. शेवटच्या वर्षी मी रोज रात्री उशाशी बसून ऐकलेला.

"आलास रे येसा. बस. दम खा."

मी दाराच्या फटीला डोळा लावला. अंगणात तात्याच होते, एकटे. पांढरी टोपी, काखेत मृदुंग, डोळे मिटलेले. उंबऱ्यावर फडक्यात पीठ ठेवलेलं. ओठ त्यांचेच हलत होते. ते मी बघितलं, ते मी शपथेवर सांगेन. बांगड्यांचा आवाज मात्र त्यांचा असणं शक्य नाही. माझ्या कमरेला किल्ल्यांचा जुडगा होता, तोच वाजला असेल.

"वयनी, पीठ द्या," तात्या त्यांच्या नेहमीच्या आवाजात म्हणाले.

मग तोच दमेकरी आवाज, जरा चढा.

"आज मी नाय देत. आत सून आलेय. तिच्याकडनं घे."

मी पुढच्या बाजूला गेलेच नव्हते. चपला मागच्या दाराशी होत्या. केरसुणीचा आवाज ऐकू गेला असेल, हे मी नंतर स्वतःला समजावलं. त्या क्षणी एवढंच कळलं की दारापलीकडे कुणीतरी मला ओळखलं आहे आणि माझ्याकडे हात पसरला आहे.

तात्यांनी डोळे उघडले. दाराकडे बघितलं. पदर पसरावा तसे दोन्ही हात ओंजळ करून पुढे धरले आणि तसेच उभे राहिले. ऊन त्यांच्या टोपीवर होतं. मी अडसराला हात लावला आणि तो हात मला हलवता येईना. शेवटी त्यांनी हात खाली घेतले, पीठ तिथेच ठेवलं आणि मृदुंग काखेत मारून पायवाटेनं गेले.

मी मागच्या दारानं बाहेर पडले, कुलूप लावलं, आणि वळसा घालून खालच्या वाटेनं, आत्ताच चढून आल्यासारखी, त्यांच्या घरी गेले.

राजश्री अंगणात मिरच्या वाळत घालत होती. मला बघून पदराआड हसली. "आलात काय वयनी? बरं झालं. तुमची पोर वाजवते तवा म्हातारा ताळ्यावर असतो. नायतर तुमच्या दारात जाऊन सासूला बोलावतो. माझा तर जीवच गेला, जळणाचा भारा तिथंच टाकून पळाले मी."

"तुला भीती वाटली?"

"वाटणार नाय? पन खरं सांगू? ठकूमावशी जित्या असताना मना जास्त भ्या वाटायचं."

आत तात्या भिंतीला टेकून बसले होते. मृदुंग खुंटीला. तेजश्री त्यांच्यासमोर, मांडीवर तिचा सरावाचा जुना मृदुंग. मी पाया पडले. त्यांनी माझ्या पायांकडे बघितलं, घरातली राख पायांना लागली होती.

"कवा आलात सुनबाय?"

"आत्ताच, तात्या."

"बरं," म्हणाले. तेजश्रीनं माझ्याकडे बघितलं आणि मान खाली घातली.

मी किशोरनं सांगितलं तसं विचारत गेले. आज तिथी कोणती, त्यांनी मला सांगितली. मला माहीत नव्हती. किशोरच्या मुलीची परीक्षा कधी, तेही माहीत होतं. रक्तदाबाची गोळी रोज घेतात. मग मी धीर करून म्हटलं, "तात्या, आई गेल्या हे तुम्हाला ठाऊक आहे ना?"

ते हसले. "खांदा दिला मी त्यांना. सावित्री नदीत अस्थी सोडल्या तवा विनीतच्या बाजूला कोण होतं? मी काय येडा झालो?"

"मग आमच्या दारात बोलता कुणाशी?"

"पीठ मागतो."

"पण पीठ तर तुम्हीच घेऊन जाता."

"गहू मी आणतो, दळून मी आणतो," तात्या शांतपणे म्हणाले. "पन माझ्या हातानं माझ्याच मुरदुंगाला घातलं तर ती भीक झाली. दुसऱ्यानं दिलं की मान. त्या उंबऱ्यानं 'घे' म्हटलं की मी घेतो."

"आणि ते 'घे' म्हणता तेही तुम्हीच."

त्यांनी माझ्याकडे असं बघितलं, जसं काही मीच भलतं बोलले. "नाय सुनबाय. मी इचारतो. जबाब मी देत नाय. जबाब येतो."

"कुठून?"

"ते मना काय ठाऊक. तुम्ही आत होतात. तुम्हाला कुठनं आल्यासारखा वाटला?"

मी पायांवरची राख हातानं पुसली. बाहेर राजश्रीनं कोंबड्या हाकलल्या.

"तात्यांनी तेव्हापासून काही खाल्लं नाही," तेजश्री म्हणाली. "मृदुंग उपाशी, तर मी कसा जेवू, म्हणतात."

"अगं, तेव्हापासून म्हणजे आत्तापासूनच ना! एक वेळ जेवले नाहीत तर..."

"उद्याही जेवणार नाहीत, आई. परवाही नाही. पीठ मिळेपर्यंत नाही."

पीठ तर तिथेच पडलंय, घ्या आणि लावा, मी म्हटलं. तात्यांनी मान हलवली. "आता तसं नाय चालत. नाव घेतलंय तुमचं."

तेजश्री मला सोडायला खाली रस्त्यापर्यंत आली. वाटेत आमच्या घरापाशी आम्ही दोघी थांबलो. पीठ उंबऱ्यावर तसंच होतं. उन्हात, उघड्यावर, एवढा वेळ. त्याला एक मुंगी लागलेली नव्हती. तेजश्रीला त्यात काही नवल वाटलं नाही.

"तू तात्यांना सांगितलं होतंस का, मी येतेय म्हणून?" मी विचारलं.

"नाही. विसरलेच मी."

"आठव नीट."

"आई, तू बाहेर का आली नाहीस?" ती म्हणाली. आवाजात राग नव्हता, त्यामुळे मला जास्त लागलं.

"तेजू, तुला भीती नाही वाटत?"

"पहिल्यांदा वाटली. मग सवय झाली. मी वाजवताना चुकले की मला 'च्च' ऐकू येतं. तात्या समोर बसलेले असतात, त्यांचं तोंड मिटलेलं असतं. मी परत वाजवते. परत चुकले की परत येतं." ती सहज सांगत होती, मेसच्या जेवणाबद्दल सांगावं तसं. "बरोबर वाजलं की काहीच येत नाही. त्याच्यावरून कळतं."

मी तिचा हात धरला. बोटांची टोकं निबर झाली होती, तिच्या आजीच्या चुलीवर भाजलेल्या बोटांसारखी. तिला ओढून खाली रिक्षात घालावं असं वाटलं. ती आली नसती. "पालखी झाल्यावर येईन," म्हणाली आणि वर निघून गेली. वळणावर दिसेनाशी झाली तशी वरून मृदुंग सुरू झाला. एवढ्यात ती घरी पोचणं शक्य नव्हतं. तात्याच वाजवत असतील. पण आवाज कणीक लावल्यासारखा भरदार होता, आणि त्यांचा मृदुंग तर उपाशी.

काल शाळेतून तेजश्रीला फोन केला. तात्या पाणी पितात, बाकी काही नाही. आजही तेच. ऐंशीला टेकलेला माणूस आहे. शेवटी आज संध्याकाळी किशोरचा फोन आला: "वयनी, काय ठरलं? मी पहाटे निघतोय. तुमचा एक शब्द पायजे." विचार करून सांगते म्हटलं आणि ठेवला.

विचार करायचा तरी कसा? डॉक्टर किशोरला विचारतील, हे दुसऱ्याच्या आवाजात बोलतात का? बोलतात. मेलेल्या बाईशी बोलतात का? बोलतात. जेवण सोडलंय का? सोडलंय. कुठलाही डॉक्टर यावर एकच गोष्ट लिहील आणि त्याची काही चूक नसेल. मग तात्या खोलीत, गोळ्यांवर, मृदुंग खुंटीला, आणि तेजश्री माझ्या घरात, माझ्या नजरेसमोर. आई म्हणून मला हेच हवं नाही का? परवापासून मी हेच स्वतःला विचारते आहे.

पण एक गोष्ट मला टाळता येत नाही. वेड म्हणजे काय, तर नसलेलं दिसणं-ऐकणं. मग तो आवाज मीही ऐकला. माझ्या मुलीनं ऐकला. राजश्रीनं ऐकला आणि जळण टाकून पळाली. तात्यांना मुंबईला न्यायचं, तर त्या गाडीत आम्हा सगळ्यांनाच जागा करायला हवी.

आणि दुसरं. राजे गेले, दरबार मोडले की गवई-नाचे दुसरा दरबार शोधत जायचे, हे मी मुलांना शिकवते. ज्यांना दुसरा दरबार मिळाला नाही त्यांचं काय झालं, हे कुठल्याच पुस्तकात नाही. मला वाटतं, त्यातले काहीजण रिकाम्या गादीसमोर वाजवत राहिले असतील, आणि तिथून जबाब येत असेल. आला नाही तर ते स्वतः देत असतील. देता देता एखाद्या दिवशी तो जबाब त्यांचा राहत नसेल. मला हे पटतं असं नाही. पण परवा अडसरावर हात ठेवून मी उभी होते तेव्हा मला पलीकडे वेडा माणूस आहे असं एकदाही वाटलं नव्हतं. मला भीती वाटली ती वेगळीच. दार उघडलं तर पुढच्या वर्षी, त्याच्या पुढच्या वर्षी, मला उघडत राहावं लागेल. कान देऊन बसावं लागेल. आणि कधीतरी मी नसेन, तेव्हा त्या उंबऱ्यातून माझ्याही आवाजात जबाब येईल, तेजश्री वाजवत असेल, आणि ती मान वर करून बघेल.

ही भीती आत्ताही आहे. लिहून ती गेली नाही. मघाशी स्वयंपाकघरात पाणी प्यायला गेले, दिवा लावायच्या आधी मी "कोण आहे?" असं विचारलं, आणि जबाब यायच्या आत बटण दाबलं.

पण उपाशी माणूस उपाशीच आहे, भीती असो नसो. त्याला एक ओंजळ पीठ हवं आहे, आणि ते फक्त मी देऊ शकते. ते न देता मी किशोरला 'घेऊन जा' म्हटलं, तर तात्यांना वेडं मी ठरवलं असं होणार नाही. मी दार उघडलं नाही, एवढंच त्यातून ठरेल.

किशोर झोपला असेल. पहाटे निघायचं म्हणून लवकर आडवा झाला असेल. तरी उठवायला हवं, गाडी घाटाला लागल्यावर बोलून उपयोग नाही. त्याला सांगेन की तुझे बाबा वेडे नाहीत, हा माझा शब्द. न्यायला येऊ नकोस, शिमग्याला ये, पोरीलाही आण. आणि सकाळच्या पहिल्या एस.टी.नं मी वाडीवर जातेय, दुपारच्या आत पोचायला हवं. तो विचारेल, वयनी, मग तो बायकी आवाज कोणाचा? त्यालाही खरं तेच सांगेन, की मला माहीत नाही.

फोन लावते.